बोजा उतरतो, शेरा राहतो

सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो, तसा तो उतरतोही. कर्ज फिटलं की बँकेकडून नाहीतर सोसायटीकडून बेबाकीचा दाखला आणायचा, तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, आणि फेरफार मंजूर झाला की इतर हक्कांच्या रकान्यातून बँकेचं नाव जातं. जुना फेरफार दप्तरात राहतो. कुणाला हवा असेल तर नक्कल काढून पाहता येतो, पण त्यावरून तुमची आजची लायकी कुणी ठरवत नाही. देणं भागवलं त्याच्या कागदावरून देणं उतरलं पाहिजे, हा आपल्याकडचा जुना न्याय. जमिनीच्या बाबतीत तो आपण गृहीत धरतो. माणसाच्या बाबतीत मात्र तो कधी सुटून गेला, हे आपल्या लक्षातही आलेलं नाही.

मी ३० वर्षं इचलकरंजीतल्या एका पतसंस्थेत नोकरी केली. शेवटची १० वर्षं वसुली माझ्याकडे होती. लोकांच्या दारात जाऊन हप्ते मागितले आहेत, जामीनदारांना नोटिसा धाडल्या आहेत, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुलीचे दाखले काढून जप्त्याही केल्या आहेत. कर्ज फेडलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. ज्याने फेडलं, किंवा बँकेशी रीतसर तडजोड करून जो मोकळा झाला, त्याच्या पतनोंदीतला, म्हणजे ज्याला आपण सिबिल म्हणतो त्यातला, थकबाकीचा शेरा जाऊन त्याला पुन्हा उभं राहण्याची वाट किती काळाने मिळणार? या प्रश्नाचं उत्तर कायद्यात असायला हवं. आज ते नाही.

माझ्या ओळखीचा एक खर्चीवाला यंत्रमागधारक आहे. खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणून मजुरीवर कापड विणून देणारा. आठ माग, पत्र्याचं शेड, नवरा-बायको आणि एक कामगार. शेड नदीकडच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत शिरलं आणि आठवडाभर हटलं नाही. मोटारी गेल्या, बीमावरचं सूत कुजलं, त्या सुताचे पैसे व्यापाऱ्याने पुढच्या मजुरीतून कापले. बँकेचे चार-पाच हप्ते थकले आणि खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, गेलं. माग दुरुस्त होऊन शेडमध्ये पुन्हा खडखडाट सुरू होतो न होतो, तोच मार्च २०२० ची टाळेबंदी आली.

त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने लहान उद्योगांच्या कर्जांची पुनर्रचना करायला बँकांना मुभा दिली. त्यात एक अट होती: १ मार्च २०२० रोजी खातं 'स्टँडर्ड' असलं पाहिजे, म्हणजे ९० दिवसांहून जास्त थकलेलं नसलं पाहिजे. अट कागदावर वाजवी दिसते. पण तिचा अर्थ आमच्या भागात असा झाला, की महामारीच्या आधी महापूर ज्याच्या घरात येऊन गेला होता, त्याला महामारीची सवलत नाही. एक संकट आलेला माणूस सवलतीला पात्र, दोन संकटं आलेला अपात्र. पुढे २०२१ मध्ये त्याची बायको दवाखान्यात गेली, दागिने गेले. २०२२ मध्ये त्याने चार माग भंगारात किलोच्या भावाने विकले, बँकेच्या ४ लाख ६० हजारांच्या येण्यापोटी ३ लाख १० हजारांवर एकरकमी तडजोड केली आणि ठरल्या मुदतीत पै न पै भरली. बँकेने पत्र दिलं. मी ते स्वतः वाचलं आहे.

पतनोंदीच्या अहवालात त्या कर्जापुढे शब्द आला 'सेटल्ड', म्हणजे कमी रकमेवर तडजोडीने मिटलेलं. 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फिटलेलं, नाही. परतफेडीच्या इतिहासावरून काढलेला स्कोअर पाचशेच्या घरात. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर पाचशे म्हणजे बँकेच्या शिपायानेही आत न सोडण्याची जागा. अहवालाची छापील प्रत माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "साहेब, पैसं तर भागवलं की वो. मग ह्ये कवा पुसायचं?"

मी उत्तर शोधायला बसलो. कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. सिबिल ही त्यांतली सगळ्यांत जुनी कंपनी, २००० सालची. बोलताना आपण चारही कंपन्यांना सिबिलच म्हणतो. बाकीच्या तीन एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. नोंद किती काळ ठेवायची याबद्दल नियम सांगतात: किमान सात वर्षं. किमान! मी ते दोनदा वाचलं. किती काळाने काढून टाकलीच पाहिजे, अशी कमाल मर्यादा मला कायद्यात कुठे सापडली नाही.

इतर देशांत नियम बरोबर उलट्या बाजूने बांधलेला आहे. अमेरिकेत थकबाकीची वाईट नोंद सर्वसाधारणपणे सात वर्षांनंतर आणि व्यक्तिगत दिवाळखोरीची दहा वर्षांनंतर अहवालात दाखवता येत नाही. इंग्लंडमध्ये ही मुदत सहा वर्षांची आहे, आणि दिवाळखोर ठरलेला माणूस बहुधा १२ महिन्यांत त्या अवस्थेतून मुक्त होतो. ते देश काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत. व्यापार करणाऱ्या समाजात काही धंदे बुडणारच, आणि बुडालेला माणूस पुन्हा धंद्याला लागला तर सगळ्यांचंच भलं, हा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडे कायद्याने कंपनीला माहिती किती जपून ठेवावी ते सांगितलं, माणसाला ती किती काळ भोगावी लागेल ते सांगायचं राहून गेलं.

विसंगती आणखी आहे. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीच्या कर्जांबद्दल चौकट घालून दिली. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोड झालेल्या कर्जदाराला त्या बँकेने पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबावं, असं तीत आहे. म्हणजे ज्या बँकेचे दीड लाख प्रत्यक्षात बुडाले, तिला नियमाप्रमाणे वर्षभराने पुन्हा दार उघडता येतं. आणि जिचा एक रुपयाही बुडाला नाही ती दुसरी बँक तोच शेरा बघून पाच-सहा वर्षं दार बंद ठेवते.

आता कारणाचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यांत मोठा अन्याय इथे आहे. कर्ज २५ लाखांच्या वर असेल आणि बँकेला ते जाणूनबुजून थकवल्याचा संशय असेल, तर 'विलफुल डिफॉल्टर' ठरवण्याआधी त्या कर्जदाराला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं घ्यावं लागतं, एक समिती तपासते, दुसरी समिती फेरविचार करते. हे योग्यच आहे. हेतू काय होता हे विचारल्याशिवाय कुणाच्या कपाळी शिक्का मारू नये. पण २५ लाखांच्या खाली हा प्रश्न कुणी विचारतच नाही. नवरा गेलेली बाई, पुरात माग गमावलेला खर्चीवाला, आणि कर्ज काढून मजा मारून पत्ता बदललेला लबाड, या तिघांच्या अहवालात एकाच रंगाचे रकाने, तेच ३०, ६०, ९० दिवसांच्या उशिराचे आकडे. वसुलीला जाताना मला दाराशी पाच मिनिटांत कळायचं, हा देत नाही की याला देता येत नाही. कुठल्याही गावच्या सावकाराला, सोसायटीच्या सचिवाला हा फरक कळतो. आपण जी यंत्रणा उभी केली, तिने तो फरक लिहून ठेवण्याची जागाच ठेवली नाही.

कंपन्यांचं बघा. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेखाली बुडालेल्या कंपनीचं प्रकरण निकाली निघतं तेव्हा कर्जदात्यांना त्यांच्या मान्य दाव्यांपैकी सरासरी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्कम मिळते. बाकीची सोडून द्यावी लागते. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की मंजूर आराखड्यात नसलेले जुने दावे संपले. नव्या मालकाच्या हाती कंपनी कोऱ्या पाटीने यावी. बरोबर आहे. कारखाना चालला पाहिजे, कामगारांच्या चुली पेटल्या पाहिजेत. बुडवणारा मालक त्याच दाराने परत येऊ नये म्हणून २०१७ मध्ये वेगळं कलमही घातलं. पण आठ मागांचं शेड हाही कारखानाच असतो. माझ्या माणसाने देण्याचा दोन तृतीयांश भाग भरला, तरी त्याची पाटी कोरी नाही.

याच संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठीही व्यवस्था लिहिलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अगदी गरीब कर्जदाराला 'नवी सुरुवात' देण्याचं प्रकरण त्यात आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशांसाठी. या मर्यादा २०१६ मध्येही तोकड्या होत्या. पण मर्यादांची चर्चा करण्यात तरी काय अर्थ? कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता हा भाग १ डिसेंबर २०१९ ला लागू झाला. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी लागूच केलेला नाही. आपल्यासाठी अजून मुंबईसारख्या शहरांत १९०९ चा आणि बाकी ठिकाणी १९२० चा, असे इंग्रजी अमदानीतले दोन नादारीचे कायदे. मी ३० वर्षांत त्यांचा आधार घेतलेला एकही कर्जदार पाहिला नाही.

या प्रश्नाशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. सावकाराच्या हातातला जो कागद त्यांना वाचता येत नव्हता आणि ज्यावरून त्यांची जमीन जात होती, तो त्यांनी जाळला. सरकारने आधी पोलीस धाडले, पण १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी दिलासा कायदाही केला. न्यायालयाने रोख्यावर लिहिलंय तेवढंच न बघता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावं, सावकाराने पावती आणि हिशेब लेखी द्यावा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, हे त्या कायद्यात होतं. आपल्या भागात दामदुपटीचा नियमही होता: थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर मागता येणार नाही. कर्जाला कुठेतरी शेवट हवा ही समज आपल्या मातीतली आहे, परदेशातून आणलेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी रोख्याच्या मागे जाऊन बघण्याचा अधिकार मुन्सफाला दिला गेला. आज अहवालाच्या मागे जाऊन बघण्याचा अधिकार शाखेच्या मॅनेजरलाही उरलेला नाही. संगणक अर्ज पुढेच सरकवत नाही.

यावर माझे जुने सहकारी मला सुनावतात, आणि त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. ते म्हणतात, शेरे पुसायला लागलात तर नियमित भरणाऱ्याने काय पाप केलं? कर्जमाफीच्या प्रत्येक घोषणेनंतर आम्ही हे भोगलं आहे. २०१७ आणि २०१९ च्या माफीच्या वेळी वेळेवर भरणारे सभासद संस्थेत येऊन विचारायचे, आम्ही मूर्ख होतो का? घोषणा झाल्या दिवसापासून वसुली ठप्प व्हायची. म्हणूनच पीककर्जाला सिबिल विचारणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्री म्हणतात तेव्हा मला समाधान वाटत नाही. मॅनेजर गुन्ह्याच्या भीतीने अहवाल मागणार नाही, दुसरं कुठलं तरी कारण काढून कर्ज नाकारेल. नोंद लपवून विश्वास येत नाही. मला नोंद हवी आहे. खरी, पूर्ण, कारणासकट, आणि मुदत असलेली. वेळेवर भरणाऱ्याचा मान त्याने कमी होत नाही. त्याचा स्कोअर आठशेच्या घरात राहणारच आहे. ज्याने शेवटी भरलं आणि ज्याने कधीच भरलं नाही, त्या दोघांत अंतर पडेल, इतकंच. ते अंतर आज जवळपास नाही, आणि म्हणून तडजोडीला आलेला कर्जदार मला विचारायचा, "भरून तरी काय मिळणार?" वसुली अधिकारी म्हणून मी सांगतो, या प्रश्नाला चांगलं उत्तर असतं तर माझी निम्मी वसुली आपोआप झाली असती.

बंद दाराची किंमत कोण वसूल करतं तेही बघायला हवं. बँकेने परत पाठवलेला माणूस कर्ज घ्यायचं थांबत नाही. तो गल्लीतल्या सावकाराकडे जातो. शेकडा पाच टक्के महिना, म्हणजे वर्षाला साठ टक्के, कोऱ्या चेकवर सही. २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, पण तक्रार करणार कोण? ज्याच्याकडे उद्या पुन्हा जायचं आहे त्याच्याविरुद्ध?

आहे या व्यवस्थेत काय करता येतं, तेही सांगतो, कारण माझ्याकडे अहवाल घेऊन येणारे बहुतेक जण रडकुंडीला आलेले असतात आणि त्यांना आधी तेच हवं असतं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तो मागवा. मी पाहिलेल्यांतल्या बऱ्याच अहवालांत चुका होत्या: फिटलेलं कर्ज चालू दाखवलेलं, नावसाधर्म्यामुळे चिकटलेलं भलत्याचंच कर्ज, जामीनदार म्हणून केलेली जुनी सही. तक्रार नोंदवल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. 'सेटल्ड' असेल आणि ऐपत असेल, तर उरलेली रक्कम भरून बँकेकडून पूर्ण बेबाकीचा दाखला घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून मागा. मग छोटी ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यायचं, मर्यादेच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वापरायचं नाही, आलेलं बिल पूर्ण भरायचं. 'किमान रक्कम' भरणं म्हणजे खड्डा पुन्हा खणणं. दहा ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. दीड-दोन वर्षांत आकडा हलतो, मी हलताना पाहिला आहे. आणि पैसे घेऊन 'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद काढून टाकण्याचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

पण हे सगळं करायला इंग्रजी अहवाल वाचता यावा लागतो, ठेवीला पैसे लागतात आणि दोन वर्षं थांबण्याइतकी फुरसत लागते. मुलाच्या प्रवेशाला दोन वर्षं थांबता येत नाही. माझ्या खर्चीवाल्याच्या मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी बाप सहकर्जदार. शाखेत तोंडी सांगितलं, वडिलांचं सिबिल बसत नाही. लेखी मागितलं, दिलं नाही. आई-वडिलांचा स्कोअर कमी आहे म्हणून मुलाचं शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. मी त्या निकालाची बातमी छापून त्याच्या हाती दिली. काउंटरवर तिचा काही उपयोग झाला नाही. आणि आता तर हा आकडा नोकरीपर्यंत पोचला आहे: प्रतिकूल पतइतिहासावरून उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कायम ठेवला. बँकेत पैशाला हात लावणाऱ्याकडून शिस्त हवी, हे मला समजतं. पण मिळवायला लागल्याशिवाय फेडायचं कशातून?

माझी मागणी मोठी नाही. कर्ज फिटल्यावर किंवा तडजोडीची रक्कम पूर्ण भरल्यावर तीन वर्षांनी तो शेरा अहवालातून जावा, तसं कायद्यात लिहावं. बँकेने स्वतःच्या दप्तरात तो हवा तेवढा ठेवावा. सरकारने आपत्तीग्रस्त जाहीर केलेल्या गावांतल्या त्या काळातल्या थकबाकीपुढे तसं नोंदवावं आणि स्कोअर काढताना ती वेगळी धरावी. गावांच्या याद्या तहसीलदाराकडे तयारच असतात. संहितेचा तिसरा भाग आजच्या महागाईला शोभतील अशा मर्यादांसह लागू करावा. अहवाल मराठीत मिळावा. आणि पतसंस्थांच्या कर्जांची परतफेडही या नोंदीत यावी. आमच्याकडे २०-२० वर्षं एकही हप्ता न चुकवलेले हमाल, भाजीवाल्या, शिलाईकाम करणाऱ्या बायका होत्या. बँकेच्या संगणकापुढे त्यांचा इतिहास कोरा आहे, कारण बहुतेक पतसंस्थांचे व्यवहार तिथे पोचतच नाहीत.

त्या मुलाची फी शेवटी सावकाराच्या पैशाने भरली गेली. उरलेल्या चार मागांवर बाप दोन पाळ्या चालवतो. सावकाराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, १४ महिने झाले, एकदाही चुकलेला नाही. त्या १४ हप्त्यांची नोंद कुठल्याच अहवालात नाही.